कोर्टाबाहेर मिटवलेला गच्चीचा वाद: एक पावसाळा गेल्यावर

टिळकवाडीतल्या आमच्या अपार्टमेंटची गच्ची गळायची, आणि बेळगावचा पाऊस कुणाची गय करत नाही. वरच्या मजल्यावरचे म्हणत, दुरुस्ती सगळ्यांनी मिळून करा. खालचे म्हणत, ज्याच्या घरात गळतं त्यानं बघावं. शेवटी वरच्यांनी मेंटेनन्स बंद केला, कमिटीनं वकिली नोटीस धाडली. दावा लागायच्या आत जिल्हा कायदा सेवा प्राधिकाराकडे (वाद सामोपचारानं मिटवायला मदत करणारी सरकारी यंत्रणा) दाखलपूर्व अर्ज दिला.

कोर्ट फी नाही. समोरच्याला बोलावणं जातं, पण तो आला नाही तर सक्ती करता येत नाही. ही मोठी उणीव. आमच्याकडे वरचे काका कुरकुरत का होईना, आले.

मध्यस्थांनी आधी सगळ्यांना एकत्र, मग एकेकाला वेगळं बसवून ऐकलं. मग इमारतीचं घोषणापत्र मागवलं (सामाईक काय आणि कुणाचा हिस्सा किती, हे लिहिलेला दस्त), जे कमिटीतल्या कुणी कधी उघडलंच नव्हतं! १९७२ च्या कर्नाटक अपार्टमेंट मालकी कायद्यात छत हा सामाईक भाग. घोषणापत्रात वेगळं काही नसेल तर खर्च प्रत्येकाच्या अविभक्त हिश्श्याप्रमाणे. खालच्यांचा मुद्दा तिथंच संपला. पण गळतंय म्हणून मेंटेनन्स अडवणंही बरोबर नाही, हे काकांनाही ऐकून घ्यावं लागलं. (तुमची सोसायटी १९५९ च्या सहकारी कायद्याखाली असेल, तर असे वाद कलम ७० प्रमाणे सहकार खात्याकडे जातात. नोंदणीचा दाखला आधी बघा.)

तडजोड लोकअदालतीत नोंदवून घ्या, हा माझा आग्रह. १९८७ च्या कायदा सेवा प्राधिकार कायद्यानं तो निवाडा दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही. म्हणूनच सहीआधी घाई नको. आमचा मजकूर कन्नडमध्ये होता. तो सगळ्यांसमोर मराठीत वाचून घेतला, तेव्हा ‘लवकरात लवकर’ हे शब्द सापडले. ते काढून वॉटरप्रूफिंगची आणि थकबाकीच्या हप्त्यांची तारीख घातली.

वॉटरप्रूफिंग जुलैत टिकलं. एक हप्ता लांबला होता. सेक्रेटरींनी अंमलबजावणीच्या अर्जाचा विषय काढताच आला. मनं मात्र जुळली नाहीत. काका जिन्यात भेटले तर मान फिरवतात, गणपतीची वर्गणी अजून दोन तट करून गोळा होते. पैशाचा वाद असेल तर ही वाट जरूर धरा. शेजारधर्म परत मिळेल म्हणून जाऊ नका.

पार्किंगचा वाद त्या अर्जात घातलाच नव्हता, तो तसाच आहे. आता मंजूर नकाशाची प्रत काढायला टाकलीय.