पेरणी हलली की तारखा कोण हलवणार? कॅलेंडर की शीट

गटातल्या वीस-तीस शेतकऱ्यांच्या कपाशी-सोयाबीनच्या तारखा सांभाळायच्या, तर दोन सोयी खिशातच असतात : गूगल कॅलेंडर आणि गूगल शीट. दोन्ही फुकट, दोन्ही मोबाइलवर चालतात, दोन्ही गटात सगळ्यांना दाखवता येतात. त्यावरून निवड होत नाही. निवड होते ती पेरणीची तारीख बदलल्यावर काय होतं यावरून.

आपल्याकडच्या कोरडवाहू शेतीत ती तारीख आधी कुणालाच माहीत नसते. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा सल्ला दरवर्षीचा. आणि तो पाऊस एका शिवारात पडतो, धुऱ्यापलीकडे पडत नाही. म्हणून कामं ‘अमुक तारखेला’ नव्हे, ‘पेरणीनंतर इतक्या दिवसांनी’ अशीच मोजावी लागतात. सोयाबीनला उगवणीआधीचं तणनाशक ४८ तासांत, उगवणीनंतरचं १५ ते २० दिवसांत. कपाशीच्या नांग्या (न उगवलेल्या जागा) ८ ते १० दिवसांत भरायच्या, नत्राचा म्हणजे युरियाचा पुढचा हप्ता ३० व्या दिवशी, बोंडअळीसाठी कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंग ओढणारे) ४५ व्या दिवशी, हेक्टरी ५.

कॅलेंडरचा मोठा गुण म्हणजे ते वाजतं. डवरणी चालू असताना खिशातला मोबाइल आठवण देतो, रेंज नसली तरी देतो. शीट वाजत नाही. उघडून बघावी लागते. घरचं एकच वावर, एकच पीक असेल तर कॅलेंडर पुरे, त्यात मला काही वावगं वाटत नाही.

पण दुबार पेरणी आली की कॅलेंडर नकोसं होतं. त्यातल्या नोंदी एकमेकींना बांधलेल्या नसतात. २० जूनची कपाशी मोडून ९ जुलैला पुन्हा टोबली (बी लावलं), तर त्या शेतकऱ्याची प्रत्येक नोंद हाताने १९ दिवस पुढे सरकवायची. एखादी राहतेच. आणि राहिलेली जुनी नोंद बरोबर असलेल्या नोंदीसारखीच दिसते, तिच्यासारखीच वाजते. २० जुलैला युरियाची आठवण येते तेव्हा पऱ्हाटी, म्हणजे कपाशीचं झाड, जेमतेम ११ दिवसांची असते. ४ ऑगस्टला सापळ्यांची येते तेव्हा २६ दिवसांची. पुडी फोडून ल्यूर (सापळ्यातली गंधाची गोळी) टांगली की गंध उडायला लागतो, आणि पात्या (कळ्या) धरतील तोवर ती अर्धीअधिक वाया गेलेली असते. माझ्यापुरता निकाल या एका त्रासाने लावला.

शीटमध्ये शेतकऱ्यामागे एक ओळ आणि पेरणीच्या तारखेचा एक रकाना. बाकी प्रत्येक रकान्यात ‘पेरणीची तारीख अधिक ४५’ अशी साधी बेरीज. २० जूनच्या जागी ९ जुलै टाकलं की सापळ्यांची तारीख ४ ऑगस्टवरून आपोआप २३ ऑगस्ट होते, सोबत बाकीच्याही सरकतात. या बेरजेत पेरणीचा दिवस शून्य धरला जातो, हे गटात सगळ्यांना एकदा सांगून ठेवा. कुणी तोच दिवस पहिला धरला की ४८ तासांच्या कामात घोळ होतो.

शीटचीही दुखणी आहेत. सेटिंगमधला देश अमेरिका असेल तर ६/७ ही ६ जुलैऐवजी ७ जून होते. तारीख डावीकडे चिकटलेली दिसली तर शीटने ती अक्षरं समजून घेतली आहे, बेरीज होणार नाही. पेरणीचा रकाना रिकामा असेल तर सापळ्यांखाली १९०० सालचा फेब्रुवारी उमटतो. ‘रिकामं असेल तर रिकामं ठेव’ ही अट सूत्रात घालावी. क्रम लावताना पूर्ण तक्ता निवडा, नुसता एक रकाना नको, नाहीतर एकाची पेरणी दुसऱ्याच्या नावावर जाते. आवाजाची उणीव भरायला दर रविवारी येत्या ७ दिवसांतली कामं निवडून गटाच्या व्हॉट्सअॅपवर टाकली तरी भागतं.

सगळ्याच तारखा पेरणीला बांधू नयेत. पीक विम्याची मुदत, ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची सरकारी नोंद), फरदड (वेचणी झाल्यावर त्याच झाडांवर पुन्हा घेतलेलं पीक) न ठेवता डिसेंबरअखेर पऱ्हाटी उपटणं, ही कामं पेरणी कितीही लांबली तरी आपल्या जागी राहतात. त्यांच्यासाठी वेगळे रकाने, तारीख थेट लिहिलेली. खरं तर एवढीच कामं कॅलेंडरवर टाकावीत, तिथे ते चोख आहे.

धूळपेरणी, म्हणजे पावसाआधीच कोरड्या मातीत केलेली पेरणी, असेल तर रकान्यात टोबल्याची तारीख नको, ज्या पावसाने बी उगवायला लागलं त्याची हवी. कोरड्या मातीत पडून राहिलेल्या दिवसांत पीक वाढत नाही. आणि दुबार पेरणीत पहिली तारीख पुसू नका, शेजारच्या रकान्यात ठेवा. बियाणं उगवलं नाही म्हणून तालुक्याला तक्रार द्यायची झाली, तर तीच विचारतात.