जुलैचं क्योटो की मार्चचं नारा?

जपानला जाऊन देऊळ नुसतं बघायचं नाही, त्याचा उत्सव गाठायचा, असं ठरवलं की बहुतेकांची गाडी दोन नावांपाशी अडते : क्योटोच्या यासाका देवस्थानाचा गिओन मात्सुरी आणि नाराच्या तोदाइजी मंदिरातला ओमिझुतोरी. दोन्हींच्या तारखा इंग्रजी महिन्यांप्रमाणे पक्क्या. अधिक मास, क्षयतिथी असला घोळ नाही, त्यामुळे विमानाचं तिकीट लवकर काढून मोकळं होता येतं. पण मध्ये चार महिन्यांचं अंतर आहे, म्हणजे एक सोडावाच लागतो.

गिओन मूळचा रोगराईवरचा उपाय. ८६९ साली साथ पसरली तेव्हा देशातल्या ६६ प्रांतांच्या नावाने ६६ भाले उभारून देवाची करुणा भाकली गेली. पुढे त्या भाल्यांचे रथ झाले आणि क्योटोच्या व्यापारी पेठांनी ते हौसेने सजवले. १६व्या शतकातल्या बेल्जियमच्या विणलेल्या चित्रांपासून इराणी आणि भारतीय गालिच्यांपर्यंत काय काय या रथांवर लटकतं! मोठा रथ शेंड्यापर्यंत सुमारे २५ मीटर उंच, वजन १२ टनांच्या आसपास, आणि सांगाडा खिळे न ठोकता दोरखंडांनी आवळलेला.

खरी मजा चौकात. रथाची चाकं वळतच नाहीत. मग चाकांखाली चिरलेले बांबू अंथरतात, त्यावर पाणी मारतात आणि बाजूने दोर लावून सगळे एका दमात ओढतात. अख्खं धूड करकरत थोडंसं घसरतं. पुन्हा बांबू, पुन्हा पाणी, पुन्हा आरोळी. असं करत करत काटकोन पुरा होतो.

मिरवणुका दोन : १७ जुलैला २३ रथ, २४ जुलैला ११. १७ च्या आदल्या संध्याकाळी रस्ते गाड्यांना बंद होतात, खाण्याच्या टपऱ्या लागतात आणि मुंगीला शिरायला जागा उरत नाही. जत्रेचा माहोल हवा असेल तर तेच गाठा. माझं मत २४ ला. ही दुसरी मिरवणूक १९६६ पासून पहिलीत मिसळून टाकली होती. २०१४ मध्ये ती पुन्हा वेगळी निघाली. रथ कमी, गर्दीही कमी. शिवाय एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही : रथ म्हणजे देव नव्हे. रथ वाट शुद्ध करतात. देव १७ च्या संध्याकाळी तीन पालख्यांतून बाहेर पडतात, आठवडाभर गावात मुक्काम करतात आणि २४ ला परततात. दुपारी हॉटेलवर जाऊन झोपलात, तर देव चुकले म्हणून समजा. अर्थात झोपावंसं वाटेल असाच उकाडा असतो. पारा पस्तिशीपार आणि हवा दमट. वयस्कर माणसं बरोबर असतील तर हा विचार आधी करा.

नाराचं सगळं उलट. तिथे रात्र, थंडी आणि आग. ७५२ पासून एकही वर्ष न चुकता १ ते १४ मार्च हे व्रत चालतं. अकरा भिक्षू अकरा मुखांच्या कान्नोन या करुणेच्या बोधिसत्त्वापुढे सगळ्या लोकांच्या वतीने अपराधांची क्षमा मागतात. अंधार पडला की टेकडीवरच्या, तोदाइजीच्याच निगात्सुदो या देवळाच्या लाकडी सज्जात सहा मीटरच्या हिरव्या बांबूंच्या मशाली चढवल्या जातात. मशालवाला कठड्याबाहेर आगीचा गोळा काढतो, गरगर फिरवतो, सज्जाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो आणि खालच्या माणसांवर ठिणग्यांचा सडा पडतो. विझलेली, जळकी पानं लोक वेचून घरी नेतात. संकट टळतं म्हणतात. याच व्रताच्या काळात १६६७ साली ही इमारत जळून गेली होती. दोन वर्षांत नवी उभी राहिली आणि आगीचा खेळ तसाच चालू राहिला.

१२ तारखेच्या मशाली सगळ्यात मोठ्या, म्हणून बहुतेकजण तीच धरतात. मी म्हणेन, टाळा. गर्दी इतकी की धड उभंही राहता येत नाही. १४ ला सगळ्या मशाली एकदम येतात आणि दहाएक मिनिटांत खेळ आटोपतो. त्याआधीची एखादी साधी रात्र निवडा. वीसेक मिनिटांत मशाली संपतात, लोक पांगतात, आणि तेव्हाच थांबायचं. देवळाच्या बाहेरच्या अंधाऱ्या खोल्यांत बसता येतं. स्त्रियांना त्यापुढे प्रवेश नाही, हे खटकेल, पण तसं आहे. दिसत जवळजवळ काहीच नाही. फळ्यांवर लाकडी खडावांचा खडखडाट, धावण्याचे आवाज, लयीत चढत जाणारं नामस्मरण, एवढंच कानावर येतं. ज्या पाणी काढण्यावरून व्रताला नाव पडलं, ते तर १३ च्या पहाटेआधी, मध्यरात्र उलटल्यावर.

म्हणून डोळ्यांना मेजवानी हवी, फोटो हवेत, तर क्योटो. किर्तनाला मांडी घालून तासभर बसण्याची सवय असेल, तर नारा. आणि एकदाच जाणार असाल तर मी नाराच म्हणेन. राहायला क्योटोतच राहा, ट्रेनने तासाभरात पोचता. जाडं जाकीट मात्र न्या.

शाळकरी मुलं असतील तर दोन्ही अवघड : मार्चमध्ये अभ्यासाची धामधूम, जुलैत शाळा चालू. आपल्या उन्हाळी सुट्टीत बसतो तो १५ मेचा आओई मात्सुरी. क्योटोच्या राजवाड्यापासून आधी शिमोगामो, मग कामिगामो देवस्थानापर्यंत ५०० हून जास्त माणसं जुन्या दरबारी पोशाखात, घोडे आणि बैलगाड्यांसह, संथपणे चालत जातात. देखणा आहे, पण मुलं अर्ध्या तासात कंटाळतील. पाऊस आला तर मिरवणूक दुसऱ्या दिवशी निघते, तेव्हा १६ तारीख मोकळी ठेवा.