लातूरचा आंतरराष्ट्रीय संबंधांचा रविवार वर्ग : चीनवरील प्रकरण दमदार, भारताचा भाग तोकडा

नीट आणि जेईईच्या गर्दीत लातूरमध्ये स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी आंतरराष्ट्रीय संबंध स्वतंत्रपणे शिकवणारा एक छोटा रविवार वर्ग चालतो, आणि चीनच्या उदयावरील त्याच्या एकाच प्रकरणात फी वसूल होते. एरवी हा विषय अमेरिका आणि तिचे मित्र एका बाजूला व चीन दुसऱ्या बाजूला, एवढ्यावर आटोपतो. येथे त्या मित्रांचे आपसांत कोठे बिनसते आणि तरीही आघाडी कशी टिकते, यावर भर आहे.

सर्वाधिक वेळ हुआवे या चिनी दूरसंचार कंपनीच्या ५जी उपकरणांना दिला जातो आणि तो सार्थकी लागतो. ऑस्ट्रेलियाने २०१८ मध्येच या कंपनीला दूर ठेवले. ब्रिटनने जानेवारी २०२० मध्ये ३५ टक्के वाट्याची मर्यादा घालून तिला गाभ्याबाहेरील, म्हणजे दूरसंचार जाळ्याच्या मध्यवर्ती नियंत्रक भागाबाहेरील, जाळ्यात प्रवेश दिला. परंतु मे महिन्यात अमेरिकेने तिच्या चिप पुरवठ्यावरील निर्बंध कडक करताच जुलैमध्ये ब्रिटनने निर्णय फिरवला आणि उपकरणे काढण्यासाठी २०२७ अखेरची मुदत ठेवली. जर्मनी तर गाभ्यातील चिनी उपकरणे २०२६ अखेर हटवण्यावर २०२४ मध्ये आली. सरांनी हे तिन्ही निर्णय फळ्यावर शेजारी शेजारी मांडले आणि बसवलेली उपकरणे उखडण्याचा खर्च कोणाच्या माथी पडणार, असे विचारले; तेव्हा मित्रराष्ट्रे बरेचसे मतभेद मुदत लांबवून निभावून नेतात, हे लख्ख कळले. अमेरिकेची नाराजी पत्करून ब्रिटन २०१५ मध्ये चीनच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या आशियाई पायाभूत गुंतवणूक बँकेत सामील झाला, हा तितकाच महत्त्वाचा प्रसंग मात्र घाईघाईत उरकला गेला.

मराठवाड्यातील मुलांना जवळचा वाटेल असा मित्रांच्या बेबनावाचा दाखला खर्ड्याच्या लढाईचा आहे. टिपूविरुद्ध १७९० मध्ये पेशवे, निजाम आणि ईस्ट इंडिया कंपनी एकत्र आले, १७९२ मध्ये त्याचा निम्मा मुलूख त्यांनी वाटून घेतला, आणि १७९५ मध्ये पेशवे व निजाम खर्ड्याला परस्परांशी लढले तेव्हा कंपनीचा गव्हर्नर जनरल जॉन शोअर तटस्थ राहिला. दाखला चपखल आहे, पण सर एक पायरी आधीच थांबले : खरी चढती सत्ता, म्हणजे कंपनी, त्या आघाडीतच बसलेली होती.

भारताच्या बाबतीत वर्ग निराश करतो. लष्करी युतीच्या कराराने अमेरिकेशी बांधला न गेलेला देश क्वाडमध्ये, म्हणजे भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांच्या गटात, कसा वावरतो, हा प्रश्न परीक्षेतही अटळ आहे. त्यावर एकच पान मिळते, आणि त्याची झेरॉक्स इतकी काळी येते की नकाशातील दक्षिण चीन समुद्राची बेटे शोधावी लागतात.

केवळ वस्तुनिष्ठ प्रश्नांची तयारी करणाऱ्यांना हा वर्ग जड जाईल. वर्णनात्मक उत्तरे आणि मुलाखत डोळ्यांसमोर असणाऱ्यांनी मात्र जरूर यावे; क्वाडचे वाचन स्वतंत्रपणे करण्याची तयारी ठेवावी आणि नकाशापुस्तक सोबत आणावे.