प्रवासी पिंजरा आणि सोळा बोल्ट: तेरा महिन्यांच्या वापरानंतर

दहा महिन्यांनी बडोद्याला आल्यावर घरच्या गणपतीच्या आरतीनंतर माझे पहिले काम रावपुऱ्यातल्या हार्डवेअरच्या दुकानात जाणे हे होते, आणि हे लिहिण्याचे कारणही तेच आहे. आमचा अठरा किलोंचा गावठी कुत्रा भुऱ्या गेल्या नोव्हेंबरात ज्या प्लास्टिकच्या पिंजऱ्यातून मुंबईमार्गे फ्रँकफर्टला गेला, त्याचे दोन बोल्ट घर बदलताना हरवले. तिथे बोल्ट मिळत नाहीत असे नाही. दोनासाठी अख्खे पाकीट घेणे जिवावर आले.

पिंजरा ऑगस्टमध्येच घेतला होता. मायक्रोचिप, मग रेबीजची लस, तीस दिवसांनी रक्ताचा नमुना, त्यात रेबीजविरोधी प्रतिपिंडे (अँटीबॉडी) मिलिलिटरला ०.५ आंतरराष्ट्रीय एकके किंवा अधिक आली की नमुन्याच्या तारखेपासून तीन महिन्यांची वाट, हा भारतातून कुत्रा नेण्याचा युरोपीय संघाचा क्रम ज्यांनी अनुभवला आहे त्यांना मधला वेळ कसा जातो ते ठाऊक असेल. तेवढ्या काळात दांडिया बाजारातल्या आमच्या ओट्यावर पिंजरा उघडा ठेवून भुऱ्याला त्याची सवय लावली.

माप नियमाप्रमाणे काढले: नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत ७० सेंटीमीटर, त्यात जमिनीपासून कोपरापर्यंतच्या ३२ सेंटीमीटरांचा निम्मा भाग मिळवून ८६; म्हणून ९१ सेंटीमीटर लांबीचा घेतला. चारही बाजूंना हवेच्या जाळ्या आहेत, दारावरची वाटी बाहेरून भरता येते, चाके काढता येतात. याबद्दल तक्रार नाही.

तक्रार आहे ती चापांबद्दल. वरचा व खालचा भाग जोडायला विक्रेत्याने प्लास्टिकचे चाप दिले, आणि विमान कंपन्या नुसत्या चापांवर विसंबत नाहीत, त्यांना धातूचे नट-बोल्ट लागतात, हे त्यालाही माहीत होते, कारण सोळा बोल्टांचा संच तो 'ऐच्छिक सामान' म्हणून अकराशे रुपयांना वेगळा विकत होता. विमानप्रवासासाठी म्हणून जाहिरात केलेल्या वस्तूचा सांधा ऐच्छिक कसा, असे मी चार वेळा लिहून विचारले. चारही वेळा पिंजऱ्याचे छायाचित्र पाठवा, एवढेच उत्तर आले.

शेवटी एक चाप खिशात घालून रावपुऱ्यात गेलो. दुकानदाराने भोकाचे माप बघून सोळा बोल्ट, नट आणि दुहेरी वॉशर मोजून दिले: पंधरा रुपयांना एक, एकूण दोनशे चाळीस. वॉशर घातल्याशिवाय आवळू नका, प्लास्टिक तडकेल, हा सल्ला फुकट. मुंबईला पशु संगरोध कार्यालयात आणि नंतर विमानतळावर तपासणाऱ्याने सांधे हलवून पाहिले आणि पुढे जाऊ दिले.

त्या वेळी मी दोन तारे लिहून ठेवले होते. आता चार देतो. प्लास्टिक एका हिवाळ्यात तडकेल हा माझा अंदाज चुकला, आणि एवढे मोठे धूड नंतर अडगळ होईल हाही चुकला. भुऱ्या दुसरीकडे झोपतच नाही. (तिथे नगरपालिका कुत्र्यावर वार्षिक कर घेते, त्या मानाने त्याने एवढी तरी जागा व्यापावी.) तळाशी आईच्या जुन्या नऊवारीचा तुकडा अंथरला आहे. तो धुतला की दोन दिवस पिंजऱ्यात शिरत नाही, म्हणून धुणे लांबवतो.

भुऱ्याला या वेळी शेजाऱ्यांकडे ठेवून एकटाच आलो. संध्याकाळी सुरसागरच्या काठाने, त्याच्या रोजच्या वाटेने चालताना त्याचा पट्टा नसलेला हात उगाच मोकळा वाटत होता. कोपऱ्यावरच्या शेव-उसळवाल्याने तर्री वाढताना माझ्याआधी त्याची चौकशी केली. पावाचा कडेचा तुकडा ठरलेला असे. पुढे हार्डवेअरच्या दुकानात गेलो तर गल्ल्यावर गेल्या वेळचाच दुकानदार होता. बोल्ट आता सोळा रुपयांना झाला आहे. मी चार घेतले.