विश्रामबागेतलं पदनिवड सत्र: पगाराचा हिशेब चोख, बढतीचा कच्चा

सांगलीत विश्रामबागेकडे अभ्यासिका चालवणाऱ्यांनी अलीकडे एक जोडधंदा काढलाय. एमपीएससीची (राज्य लोकसेवा आयोगाची) संयुक्त गट-ब आणि गट-क ची मुख्य परीक्षा दिलेल्यांना पसंतीक्रमात कुठलं पद वर टाकायचं, कुठलं खाली, हे सांगायचं. अडीच तासांचं सत्र, फी 500 रुपये, बॅचला तीसेक जण आणि हातात बारा पानांची झेरॉक्स. अशा एका सत्राबद्दल हे लिहितोय. नाव मुद्दाम देत नाही, कारण बाकीच्यांचा साचाही फारसा वेगळा नाही.

पगाराचा भाग पैसे वसूल करणारा आहे. एएसओ (सहायक कक्ष अधिकारी), एसटीआय (राज्यकर निरीक्षक), पीएसआय (पोलीस उपनिरीक्षक) आणि दुय्यम निबंधक (जमीन-घराचे दस्त नोंदवणारा अधिकारी) ही चारही पदं एस-14 या वेतनस्तरात, म्हणजे बेसिक (मूळ वेतन) 38,600 ते 1,22,800. तरीही हातात पडणारी रक्कम गावागणिक बदलते, ती का, हे फळ्यावर ओळीने मांडून दाखवतात. जानेवारी 2025 चा 55 टक्के डीए (महागाई भत्ता) धरला तर 38,600 वर 21,230. घरभाडे भत्त्यासाठी शहरांचे वर्ग केलेत, त्यात सांगली वाय वर्गात आहे, म्हणून 20 टक्क्यांनी 7,720. सातारा झेड वर्गात, तिथे 10 टक्क्यांनी 3,860. वाहतूक भत्ता दोन्हीकडे 1,350. म्हणजे सांगलीत एकूण 68,900 आणि साताऱ्यात 65,040. पद तेच, बेसिक तोच, पण सातारकराला महिन्याला 3,860 रुपये कमी. सरकारी क्वार्टर घेतलं तर घरभाडे भत्ता बंद, हेही सांगतात.

मग कपात. एनपीएसला (राष्ट्रीय पेन्शन योजनेला) बेसिक अधिक डीएच्या 10 टक्के, म्हणजे 5,983. व्यवसाय कर 200 (फेब्रुवारीत 300), गट विमा 480. सांगलीत हातात उरतात 62,237, तेही आयकर वेगळा धरून. मग झेरॉक्सच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरात 77 हजार कुठून आले? एनपीएसमध्ये शासन जो 14 टक्के हिस्सा टाकतं, ते 8,376 रुपये त्यांनी पगारात मिळवलेत. ही रक्कम आपलीच असली तरी ती निवृत्तीच्या खात्यात जाते, तिच्यातून खोलीचं भाडं भरता येत नाही. बोलताना सर स्वतःच 62 हजार म्हणतात, छापताना 77. ही चलाखी नको होती. बारा पानांत पेन्शनवर मिळून चार ओळी आहेत, हेही खटकतं. आज लागणाऱ्याला जुनं पेन्शन नाही, 1 नोव्हेंबर 2005 ची रेघ कधीच ओढली गेलीय (तेव्हापासून लागलेल्यांना ते नाही), हे घरातल्या वडीलधाऱ्यांना पटवायला तरी एक पान हवं होतं.

कामाचं स्वरूप मात्र घाईत उरकलं. एएसओचं वर्णन ‘एसीत बसून फाईल’ एवढंच. खरी गोष्ट अशी की हे पद मंत्रालयाच्या संवर्गातलं आहे. टिपणी लिहायची, विधिमंडळ अधिवेशनात तारांकित प्रश्नांची उत्तरं रात्री उशिरापर्यंत तयार करायची, शासन निर्णयाचे मसुदे करायचे. बदली झाली तरी या विभागातून त्या विभागात, म्हणजे मजला बदलतो, शहर नाही. पुढेमागे सांगलीला बदली करून घेऊ, असा विचार करून एएसओ वर टाकणाऱ्याला कोणीतरी हे स्पष्ट सांगायला हवं. मुंबईत घरभाडे भत्ता 30 टक्के आणि वाहतूक भत्ता 2,700, म्हणजे एकूण 74,110. सांगलीपेक्षा 5,210 जास्त, आणि तेवढ्यात पनवेल-बदलापूरकडच्या खोलीचं भाडंसुद्धा भागत नाही.

एसटीआयला मागणी सगळ्यात जास्त, तसा सत्रातला वेळही सगळ्यात जास्त. रिटर्नची छाननी, नोंदणीपूर्वी जागेची पाहणी, नोटिसा, थकबाकी वसुली. सांगलीत हळदीची पेठ, तासगावला बेदाणा, त्यामुळे इथली उदाहरणं पोरांना लगेच कळतात. पण नेमणूक इथेच मिळेल असं धरून बसू नये. महसुली विभाग वाटपाचे नियम आहेत आणि पुणे विभागाकडे डोळे लावून बसलेले पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर या पाचही जिल्ह्यांतले असतात.

दुय्यम निबंधकावर पाच मिनिटं, आणि तीही चुकीच्या सुरात. ‘निवांत पोस्ट’ म्हणे! दस्ताच्या दिवशी सर्व्हर बसला की दालनाबाहेर बाराजणांचा घोळका, वकील आणि एजंट वेगळेच. गुंठ्यागुंठ्याच्या खरेदीत तुकडेबंदीकडे (जमिनीचे बारीक तुकडे पाडायला बंदी घालणाऱ्या कायद्याकडे) दुर्लक्ष झालं किंवा मुद्रांक शुल्क कमी घेतलं गेलं, तर सही आपली असते आणि विभागीय चौकशीही आपलीच. पीएसआयसाठी शारीरिक चाचणी, मुलाखत आणि नाशिकचं प्रशिक्षण, हे नीट सांगितलं. बंदोबस्ताच्या ड्युटीला घड्याळ नसतं, हेही न लपवता सांगितलं.

गट-क मध्ये एक बारकावा फार चांगला पकडलाय. लिपिक-टंकलेखकाला टायपिंगचा मिनिटाला मराठी 30 किंवा इंग्रजी 40 शब्दांचा वेग चालतो; कर सहायकाला मराठी 30 आणि इंग्रजी 40, दोन्ही लागतात. या एका ‘आणि’वर दरवर्षी कित्येकांचं गाडं अडतं. पगारही वेगळा: लिपिक एस-6, बेसिक 19,900, कर सहायक एस-8, बेसिक 25,500. तलाठी, म्हणजे आताचा ग्राम महसूल अधिकारी, हाही एस-8 च, पण ते पद या परीक्षेत नाही. तरी तो प्रश्न कोणीतरी विचारतोच.

सत्राची सगळ्यात कच्ची बाजू म्हणजे बढती. फळ्यावर बाण काढतात: एसटीआय, राज्यकर अधिकारी, सहायक आयुक्त, उपायुक्त. बाणांवर वर्षं लिहिलेली, जणू एसटीचं वेळापत्रकच. प्रत्यक्षात बढती ठरते ती ज्येष्ठता यादीवर, वरच्या रिकाम्या जागांवर, गोपनीय अहवालांवर आणि विभागीय परीक्षा मुदतीत व ठरलेल्या संधींत पास होण्यावर. ती परीक्षा राहिली की मागून लागलेला पुढे जातो, आणि ही चूक सुरुवातीच्या वर्षांतच होते, कारण नोकरी लागली म्हणून पोरं पुस्तकं बांधून ठेवतात. पदोन्नतीतल्या आरक्षणाचा वाद 2017 च्या उच्च न्यायालयाच्या निकालापासून चालू आहे, त्याचा तर उच्चारही नाही. बढती नाहीच मिळाली तर 10, 20 आणि 30 वर्षांनी आश्वासित प्रगती योजनेत वरची वेतनश्रेणी मिळते. पद तेच राहतं, पगार वाढतो. हेही विचारल्यावरच सांगितलं. वार्षिक वाढ साधारण 3 टक्के, म्हणजे 38,600 चे 39,800. एवढी एक ओळ लिहिली असती तरी दहा वर्षांनंतरचा आकडा पोरांनी घरी बसून काढला असता.

शेवटची पंचवीस मिनिटं अर्ज भरून दाखवण्याची, आणि ती उत्तम. जे पद नकोच आहे त्याला पसंती द्यायची नाही, कारण दिली तर शिफारस होऊ शकते. सर्वसाधारण गुणवत्ता यादीनंतर प्रक्रियेतून बाहेर पडण्याचा पर्याय ठरावीक दिवसच खुला असतो, त्याची तारीख मोबाईलमध्ये टाकून घ्यायला लावतात. रुजू होताना लागणारी जात वैधता, चारित्र्य पडताळणी, वैद्यकीय तपासणी यांची यादी झेरॉक्सच्या शेवटच्या पानावर आहे. सेवार्थ आयडी (पगाराच्या प्रणालीतला) आणि प्रान क्रमांक (एनपीएस खात्याचा) निघेपर्यंत पहिला पगार दोन-तीन महिने लांबतो, तोवरच्या खर्चाची सोय करून ठेवा, हा सल्ला सोळा आणे खरा.

मुख्य परीक्षा दिलेल्यांनी जावं. नुकतीच तयारी सुरू केलेल्यांना 500 रुपये जड आहेत, त्यांनी जाहिरातीतला वेतनश्रेणीचा रकाना वाचला तरी निम्मं काम होतं. रविवारी सकाळची बॅच धरा, संध्याकाळी प्रश्नोत्तरं दहा मिनिटांत गुंडाळतात. वहीसोबत आपली टायपिंगची प्रमाणपत्रं न्या. ती बघूनच सर गट-क चा क्रम लावून देतात.