जुन्या वळणाचा क्विल्ट: रिप्रॉडक्शन कापड घ्यावं की अजरख?

क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली पाश्चात्त्य वळणाची गोधडी, शिवायला नव्याने बसणाऱ्या मैत्रिणी मला हमखास विचारतात: जुन्या वळणाचा करायचाय, तर अमेरिकेहून रिप्रॉडक्शन कापड मागवू, की आपल्याकडचं लाकडी ठशांनी छापलेलं कच्छचं अजरख नाहीतर आंध्रची कलमकारी घेऊ? मी दोन्ही वापरलंय. तुम्ही मशीनवर बारीक तुकडे जोडणार की हाताने धावदोरा घालणार, त्यावर माझं उत्तर अवलंबून असतं.

रिप्रॉडक्शन म्हणजे जुन्या क्विल्टमधल्या तुकड्यांवरची नक्षी पाहून नव्या सुती कापडावर छापलेला माल. सगळ्यात लोकप्रिय आहे अमेरिकन यादवी युद्धाच्या काळातलं, १८६१ ते १८६५ च्या आगेमागचं. त्यात मंजिष्ठेचे विटकरी-तपकिरी, निळीचा गडद निळा, गुलाबीवर गुलाबी बुट्टी आणि पांढऱ्यावर इवल्या ठिपक्यांचं शर्टिंग असतं. १९३० च्या दशकातले फिकट गोड रंगही मिळतात. तेव्हा तिकडे पिठाच्या आणि पशुखाद्याच्या छापील पोत्यांचे क्विल्ट होत.

या छापील सुती कापडांच्या घराण्याचं मूळ मात्र आपल्याकडे, कोरोमंडल किनाऱ्यावर आहे. हिंदीतली छींट, आपली चीट, तीच इंग्रजीत चिंट्झ झाली. मच्छलीपट्टणच्या बाजूने जाणाऱ्या या कापडाने युरोपला असं वेड लावलं की फ्रान्सने १६८६ ते १७५९ त्यावर बंदी ठेवली आणि इंग्लंडने १७२१ च्या कायद्याने त्याचा वापर रोखला. पुढे तिकडच्या छपाईवाल्यांनी हीच वेलबुट्टी उचलली. रिप्रॉडक्शनच्या ताग्यात एखादी वेल ओळखीची वाटली, तर ती खरंच ओळखीची असते.

आता प्रत्यक्ष शिवणाचं. रिप्रॉडक्शनच्या बुट्ट्या बारीक असतात, त्यामुळे दीड इंचाच्या चौकोनातही नक्षी पुरी दिसते. कापड घट्ट विणीचं, इस्त्रीची घडी धरून ठेवणारं. पाव इंच शिलाई सोडून शंभर तुकडे जोडले तरी कोपरे जुळतात. अजरखची नक्षी मोठी. तिचे दोन इंचाचे तुकडे केले की चांदणीचा एक पाय इथे, दुसरा तिथे, आणि कापणाऱ्यालाच हळहळ वाटते. मलमलीवर छापलेलं असेल तर तिरपं कापताना ते सरकतंही. आधी कांजी करून घ्यावी लागते.

हातशिवणीत पारडं फिरतं. दाट विणीच्या कापडाचे थर एकावर एक घेतले की सुई अडते, तासाभरात बोट दुखायला लागतं. अजरख छापताना आणि रंगवताना इतक्या वेळा धुतलं जातं की हातात येतं तेच मऊ होऊन. आत जुनी सुती साडी घातली की सुई लोण्यातून गेल्यासारखी जाते. जवळून बघा: दोन ठसे जिथे भेटतात तिथे रेघ केसभर सरकलेली असते. टाके घालताना माझा हात त्या रेघेशी दर वेळी रेंगाळतो. कारखान्याच्या छपाईत हे सापडत नाही.

रंगाबाबत सावध राहा. मी एकदा लाल अजरख न धुताच पांढऱ्या शर्टिंगला जोडलं. पहिल्या धुण्यात सगळं पांढरं गुलाबी झालं आणि दोन महिन्यांचं काम गेलं. तेव्हापासून प्रत्येक कापडाचा दहा इंची चौकोन कापून, पांढऱ्या फडक्यात गुंडाळून, कोमट पाण्यात भिजवते. फडक्याला रंग लागला तर सगळं कापड धूत राहायचं, पाणी स्वच्छ निघेपर्यंत. चौकोन वाळल्यावर मोजते. साडेनऊ इंच भरला तर मीटरमागे पाच सेंटीमीटर आटणार.

जुने क्विल्ट पाहिलेत तर तपकिरी तुकडे आधी विरलेले दिसतील. त्या रंगात लोह असे, ते धागा खातं. रिप्रॉडक्शनमध्ये छटा तीच, पण रंग आजचे, म्हणून ही भीती नाही. नैसर्गिक अजरखचा काळा मात्र आजही गंजलेलं लोखंड आणि गूळ आंबवूनच करतात. नातवंडांपर्यंत टिकावं अशी इच्छा असेल, तर काळा भरीव नसलेला ठसा निवडा.

बाजारात स्वस्तात ‘अजरख प्रिंट’ म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं मशीनवर छापलेलं असतं. उलटी बाजू पांढुरकी दिसली तर समजून जा.

खर्चाचं म्हणाल तर रिप्रॉडक्शनला तिकडेच यार्डाला १२ ते १४ डॉलर पडतात, वर टपाल आणि जकात. नातेवाईक येणार असतील तर त्यांच्याकरवी मागवा, आणि यार्ड ३६ इंचांचा असतो हे हिशेबात धरा.

तेव्हा बाळासाठी, रोज धुवायचा, मशीनवर शिवायचा क्विल्ट असेल तर बेलाशक रिप्रॉडक्शन घ्या. अस्तराला मांजरपाट, आधी धुतलेलं. हाताने गोधडीसारखं शिवायचं असेल तर अजरख, मोठ्या तुकड्यांत, आणि अस्तराला घरातली जुनी नऊवारी.