बागेचा प्लॅन: ड्रॉइंग बोर्डवर की लॅपटॉपवर?

मांजलपूरच्या वहिनींनी बंगल्यामागच्या २० फूट बाय ३५ फुटांच्या जागेत बाग करायची ठरवली आणि मला फोन केला. "भाऊजी, प्लॅन हातानं काढू की लॅपटॉपवर? मुलगा म्हणतो, हातानं काढणं म्हणजे वेळ घालवणं." मी ड्राफ्ट्समन म्हणून निम्मी नोकरी बोर्डवर केली आणि निम्मी ऑटोकॅड या कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंग प्रोग्रॅमवर, त्यामुळे दोन्हींचे गुण आणि खोडी ठाऊक आहेत. बडोद्यात असा प्रश्न पडलेले आणखीही असतील, म्हणून त्यांना जे सांगितलं तेच इथे मांडतो.

मोजमापं दोन्हीकडे सारखीच घ्यावी लागतात, तिथे सुटका नाही. जागेच्या चार बाजू आणि दोन्ही कर्ण मोजा. कर्ण सारखे आले नाहीत तर प्लॉट काटकोनात नाही, आणि बहुतेक प्लॉट नसतातच. मधे झाड असेल तर घराच्या दोन कोपऱ्यांपासून त्याचं अंतर घ्या. वहिनींचं लिंबू एका कोपऱ्यापासून १४ फुटांवर होतं, दुसऱ्यापासून ११ फुटांवर. कागदावर त्या दोन कोपऱ्यांवरून कंपासनं दोन चाप मारले की जिथे छेदतात तिथे लिंबू. कॉम्प्युटरवर दोन वर्तुळं काढूनही तेच होतं.

फरक पडतो तो स्केलपाशी. हातानं काढताना पहिला निर्णय स्केलचा, आणि तो शेवटपर्यंत पाळायचा. आपल्याकडे कडिया (गवंडी) आणि माळी फुटांत बोलतात, म्हणून मी घरगुती बागेला १ इंच म्हणजे ४ फूट घेतो. वहिनींची जागा त्यात ५ इंच बाय पावणेनऊ इंच, ए-३ कागदावर आरामात बसते. (ट्रँग्युलर स्केलवर, म्हणजे ड्राफ्ट्समनच्या तीनधारी मोजपट्टीवर, १:५० असतं, हे १:४८ झालं. जवळचेच आकडे आहेत, पण एका प्लॅनमधे दोन्ही मिसळू नका.) आता २ फुटांचा मोगऱ्याचा वाफा कागदावर अर्धा इंच. अर्ध्या इंचात मोगऱ्याच्या तीन रांगा मावणार नाहीत हे डोळ्याला तिथेच कळतं. स्क्रीनवर माणूस झूम करत राहतो, तोच वाफा शेताएवढा दिसायला लागतो आणि मग त्यात रोपं भरली जातात. नवशिक्यांच्या कॅडवरच्या (कॉम्प्युटरवर काढलेल्या) बागा हमखास दाट होतात त्या यामुळेच.

खरा मुद्दा मात्र वळणांचा. वहिनींना कमाटीबागेतल्यासारखी वळणाची वाट हवी होती. कमाटीबाग १८७९ची, विश्वामित्रीच्या काठाची, ऐसपैस. लक्ष्मी विलास राजवाड्याची बाग आखणाऱ्या विल्यम गोल्डरिंगसाहेबांनाही जागेची ददात नव्हती. इथे आहे ७०० चौरस फूट. मुलानं लॅपटॉपवर स्प्लाइन (बिंदूंतून ओढलेली मोकळी वळणदार रेघ) टाकून नागमोडी वाट काढली, दिसायला सुरेख. माळ्यानं ती पाहिली आणि विचारलं, "ही जमिनीवर काढू कशी?"

त्याच्याकडे असते खुंटी, दोरी आणि चुन्याची फक्की. खुंटी ठोकून दोरी फिरवली की वर्तुळाचा भाग निघतो, दुसरं काही निघत नाही. तुमचा कंपासही तेवढंच करतो. सेट स्क्वेअर म्हणजे कडियाचा गुण्या, टी-स्क्वेअर म्हणजे ताणलेली दोरी. बोर्डवर जे या हत्यारांनी निघतं ते जमिनीवर जसंच्या तसं उतरतं. फ्रेंच कर्व्हनं (वळणं काढायच्या वेड्यावाकड्या पट्टीनं) किंवा स्प्लाइननं काढलेली वाट उतरवायची तर सरळ रेषेपासून दर दोन फुटांवर अंतरं मोजत ठिपके टाकावे लागतात. जमतं, पण माळी दुपारपर्यंत वैतागतो आणि पुढची वाट आपल्या मनानं काढतो. म्हणून माझ्या मते घरगुती प्लॅनमधे फ्रेंच कर्व्ह पेटीतच राहू द्या.

मग वहिनींनी तीच वाट दोन चापांत बसवली. एस आकार गुळगुळीत यायचा तर दोन्ही चापांची केंद्रं आणि सांध्याचा बिंदू एका रेषेत हवेत. दुसरा चाप मोठा घेतला तेव्हा कंपासची सुई कंपाउंड वॉलच्या रेषेपलीकडे टोचली गेली, म्हणजे खुंटी शेजाऱ्यांच्या पार्किंगमधे. वहिनी हसल्या, त्रिज्या कमी केली, केंद्र आत आलं. स्क्रीनवर ते केंद्र कुठे आहे हे पाहायला कोणी जात नाही.

आता कॉम्प्युटरची बाजू, कारण काही ठिकाणी हाताचा पराभव उघड आहे. पहिली सावली. बडोदं साधारण २२.३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ जूनला दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर, तर डिसेंबरच्या अखेरीस दुपारी तो ४४ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे १० फुटांच्या भिंतीची सावली उत्तरेला १० फुटांपेक्षा जराशी जास्तच. एवढी एक रेघ हातानंही निघते, पण दिवसभराची सरकती सावली स्केचअपमधे तारीख आणि ठिकाण टाकलं की मिनिटात दिसते. दुसरं, सारखे बदल. आर्किटेक्ट, सोसायटी, कॉन्ट्रॅक्टर अशा तिघांच्या हातांतून प्लॅन जाणार असेल तर कॅडच वापरा. ट्रेसिंगवरची शाई ब्लेडनं खरवडून दुरुस्त करण्यात मी तारुण्य घालवलंय, त्यात रोमँटिक काही नाही. ऑटोकॅडचं भाडं एका बागेसाठी परवडणारं नाही, लिब्रेकॅड फुकट आहे. फक्त शिकायला जितक्या संध्याकाळी जातील तितक्यात हाताचा प्लॅन पुरा होतो.

प्रिंटची एक गोष्ट स्वतःच्या चुकीची सांगतो. एका ओळखीच्यांच्या बागेचा प्लॅन मी ए-३वर बेतला आणि घाईत ए-४वर 'फिट टू पेज' करून छापला. कडियानं त्यावर फूटपट्टी लावून माप घेतलं आणि ४ फुटांची वाट २ फूट १० इंचांची बांधली. त्या वाटेनं आजही दोघं शेजारीशेजारी चालू शकत नाहीत. प्लॅन कुठल्याही पद्धतीचा असो, त्यावर स्केलची पट्टी रेखाटा म्हणजे कागदासोबत तीही आखडेल, आणि महत्त्वाची मापं आकड्यांत लिहा.

हातानंच काढायचं ठरलं तर हत्यारं कोणती? मिनी ड्राफ्टर (बोर्डाला क्लॅम्पनं बसणारं, काटकोनी पट्ट्यांचं हत्यार) नवा घेऊ नका. इंजिनिअरिंग झालेल्या कुठल्याही घरात पोटमाळ्यावर एक पडलेला असतो, बागेच्या प्लॅनला चालतो, फक्त क्लॅम्प ढिला नाही ना ते पाहा. माझी पसंती टी-स्क्वेअर आणि दोन सेट स्क्वेअरना, कारण त्यात बिघडण्यासारखं काही नाही. सेट स्क्वेअर तपासायचा तर उभी रेघ मारा, तो उलटा करून तिथेच पुन्हा मारा. रेघा फाकल्या तर परत करा. रोलर स्केल (खाली रूळ असलेली सरकती पट्टी) फरशांच्या समांतर रेघांना छान, पण धुळीच्या कागदावर घसरतो. पेन्सिली २एच आणि एचबी. शाई नकोच.

आणि ट्रेसिंग पेपर. खालच्या शीटवर भिंती, झाडं, टाकी पक्की काढून ठेवा आणि वर ट्रेसिंग चिकटवून प्रत्येक कल्पना वेगळ्या तुकड्यावर काढा. इंग्रज उद्यानकार हम्फ्री रेप्टन गिऱ्हाइकांना दाखवायच्या आपल्या लाल पुस्तकांतल्या चित्रांवर कागदाची घडी लावून ठेवायचा. घडी खाली असताना आजची जागा, उचलली की होणारी बाग. त्याचा हेतू गिऱ्हाइकाला पटवण्याचा, तुमचा स्वतःला. एक सावधानता: पावसाळी हवेत ट्रेसिंग फुगतो आणि कडा वर वळतात. त्या दिवसांत मापं ट्रेसिंगवरून न घेता खालच्या शीटवरूनच घ्या, आणि ट्रेसिंग घडी न घालता गुंडाळून ठेवा.

वहिनींचा प्लॅन अजून पेन्सिलीतच आहे. मुलानं डिसेंबरच्या सावल्या लॅपटॉपवर काढून दिल्या, त्यांनी त्या ट्रेसिंगवर उतरवल्या, आणि पारिजातक दोनदा हलला. हिंचक्याला पुढेमागे किती जागा सोडायची यावर मात्र घरात अजून एकमत नाही.